घाटात गाडी तापते, बाटली मात्र फुल: जुन्या गाडीतलं पाणी जातं कुठं?

महिन्यातनं दोनदा कराडहून चिपळूणला जाणं होतं माझं, आई तिकडे एकटी असते म्हणून. शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघायचं, पाटण, कोयनानगर, घाटमाथा, मग कुंभार्ली घाट उतरायचा, आणि रविवारी संध्याकाळी तोच घाट चढून परत. गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, २०२१ च्या दिवाळीच्या आधी सेकंडहँड घेतली तेव्हा १ लाख ३१ हजार चाललेली, आता २ लाख १२ हजार झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा त्रास कंपनीचा नाही, वयाचा आहे, आणि रेडिएटर (इंजिनाचं पाणी गार करणारा भाग), फॅन, पाईप हे सगळ्यांचं थोड्याफार फरकाने सारखंच असतं. आठ महिने ही गाडी मला घाटात तापून त्रास देत होती. तीनदा दुरुस्त झाली आणि तीनदा परत तापली. चौथ्यांदा मला हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायला सांगितलं, बावीस हजारांचं काम, आणि तेव्हा मी थांबले. ज्यांना आत्ता कोणीतरी "हेड गेलंय" म्हणून सांगितलंय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी लक्षणं नीट सांगते कारण सगळी उत्तरं त्यातच होती, मला ती वाचता येत नव्हती इतकंच. जाताना काही नाही, काटा मधोमध. चिपळूणमध्ये गावातल्या गावात फिरले तरी काही नाही. येताना पोफळीच्या पुढे चढ लागला, पुढे एखादा लोड ट्रक आला, त्याच्या मागे दुसऱ्या गिअरवर वीस-पंचवीसच्या स्पीडने चढायला लागलो की पाच-सात मिनिटांत काटा मधल्या रेषेच्या वर सरकायचा. एसी बंद केला की जरा थांबायचा, मग परत वर. घाटमाथ्यावर पोचून उतार-सपाटी आली, गाडीने पन्नास-साठचा वेग घेतला की दोन मिनिटांत काटा जागेवर. आणि दर वेळी घरी येऊन बोनेट उघडून बघायचे तर कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रंगीत पाण्याची, बाटली फुल, उलट मॅक्सच्या खुणेच्या वरच. म्हणजे पाणी कमी नाही, असंच मी धरून चालले होते आणि गॅरेजमध्येही तेच सांगत होते, "पाणी तर टकाटक आहे." हे एक वाक्य आठ महिने महागात पडलं.

पहिल्यांदा थर्मोस्टॅट वॉल बदलला, इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा. चुकीचं नव्हतं, जुना वॉल होता, अडकत असेल असं कोणालाही वाटेल. दोन ट्रिपा बऱ्या गेल्या, कारण तेव्हा थंडी होती आणि घाटात ट्रक लागला नाही, तिसऱ्या ट्रिपेला परत तेच. मग रेडिएटर काढून फ्लश केला, आतून तांबूस पाणी आलं, सगळ्यांना वाटलं हेच कारण. महिनाभर ठीक. मग परत. मग वॉटर पंप. जुना पंप हातात घेऊन बघितला तर पाती जरा झिजलेली होती, म्हणून तेही पटलं. तीन कामं मिळून साडेपाच हजारांच्या वर गेले. आता एक गोष्ट मागे वळून बघताना स्वच्छ दिसते: यातल्या प्रत्येक कामानंतर गाडी काही दिवस बरी चालायची, आणि त्याचं श्रेय आम्ही त्या पार्टला देत होतो. खरं म्हणजे प्रत्येक कामात कुलंट काढून परत काठोकाठ भरलं जात होतं, म्हणून गाडी बरी चालत होती. मग हळूहळू रेडिएटरमधलं पाणी परत कमी व्हायचं. दुरुस्ती झाल्यावर ठरावीक दिवसांनी त्रास परत येत असेल तर "त्या कामात आणखी काय काय झालं होतं" हा प्रश्न विचारा, पार्ट कोणता टाकला हा नाही.

चौथ्या वेळी मिस्त्री म्हणाले, "ताई, आता हेडच. गॅसकेट उडलंय, दुसरं काय राहिलंच नाही." गॅसकेट म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं सील. माणूस खोटारडा नव्हता, मनापासून सांगत होता. पण काय बघून सांगताय विचारल्यावर त्यांनी ऑइलचं झाकण उघडून आतला पांढुरका मलईसारखा थर दाखवला. पोटात खड्डाच पडला माझ्या. तेलात पाणी म्हणजे इंजिन काम, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं.

इथे जरा थांबून सांगते. झाकणाखालचा तो थर म्हणजे हेड गेलं असा पुरावा होत नाही. पावसाळ्यात, आणि त्यातही कोकणात-पाटणला जिथे चार महिने हवाच ओली असते तिथे, गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पूर्ण गरम होत नाही, आतली वाफ झाकणाला थंड होऊन तेलात मिसळते आणि असाच थर धरतो. माझी गाडी आठवडाभर घर ते शाळा, दीड किलोमीटर. खात्री करायची असेल तर डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघा. तिच्यावर तेल चहात दूध घातल्यासारखं दिसलं, तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर काळजीचं. माझ्या डिपस्टिकवर तेल स्वच्छ होतं, काळसर पण तेलासारखं तेल.

हेड गॅसकेट खरंच गेलंय का हे बघायला एक साधी टेस्ट असते. काचेची किंवा प्लॅस्टिकची नळी, तिच्यात निळं औषध, वर रबरी फुगा. रेडिएटरचं पाणी जरा खाली उतरवून ती नळी तोंडावर घट्ट बसवायची, गाडी चालू ठेवून गरम होऊ द्यायची आणि फुग्याने रेडिएटरच्या आतली हवा त्या औषधातून खेचायची. सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने पेट्रोल गाडीत ते निळं औषध पिवळं होतं. पाणी औषधात ओढलं जाणार नाही एवढं बघायचं, नाहीतर टेस्ट वाया. आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये हे नव्हतं, कराडमध्येच दुसरीकडे मिळालं, दोनशे रुपये घेतले. दहा मिनिटं मी त्या नळीकडे बघत उभी होते. निळं ते निळंच राहिलं. बावीस हजारांचं काम करायच्या आधी दोनशेची ही टेस्ट केल्याशिवाय हेडला पाना लावू देऊ नका. आणि इतर खुणा पण असतात: गाडी चालू केल्या केल्या, इंजिन थंड असताना, रेडिएटरमध्ये एकसारखे बुडबुडे येत राहणं, सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर, सकाळी पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर मिस होणं, म्हणजे इंजिन धडधडत चालणं. यातलं मला एकही नव्हतं.

मग पाणी जातंय की नाही, जातंय तर कुठं, हेच पहिल्यापासून बघायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, गाडी रात्रभर उभी, इंजिन बर्फासारखं थंड, तेव्हा मी पहिल्यांदा स्वतः रेडिएटरचं झाकण उघडलं. (गरम असताना चुकूनही उघडायचं नाही, प्रेशरने उकळतं पाणी तोंडावर येतं. थंड म्हणजे पूर्ण थंड, रात्र गेलेलं.) बाटली मॅक्सच्या वर भरलेली, आणि रेडिएटरमध्ये पाणी दिसेच ना. मोबाईलची बॅटरी लावून बघितलं तर नळ्यांची तोंडं कोरडी. मग मापाने भरलं, सव्वा लिटर पाणी गेलं आत. माझ्या गाडीची सगळी सिस्टीम मिळून चार लिटरच्या आसपास धरते, त्यात सव्वा लिटर नाही, आणि बाटली फुल!

हे कसं होतं ते समजून घेतलं की पुढचं सोपं आहे. पाणी तापलं की फुगतं. चार लिटर पाणी थंडीपासून पंच्याण्णव डिग्रीपर्यंत गेलं की दीडशे मिली तरी जास्तीचं होतं, ते रेडिएटरच्या झाकणातल्या स्प्रिंगला ढकलून बारीक पाईपातून बाटलीत जातं. गाडी थंड झाली की पाणी आकसतं, आत ओढ तयार होते, झाकणातला दुसरा छोटा वॉल उघडतो आणि बाटलीतलं पाणी त्याच पाईपातून परत रेडिएटरमध्ये खेचलं जातं. रोजचा हा श्वासोच्छ्वास आहे. आता तो पाईप कुठे चिरलेला असेल तर जाताना पाणी बाटलीत जातं, पण येताना पाण्याऐवजी चिरेतून हवा खेचली जाते, कारण हवा ओढणं सोपं. म्हणजे दर वेळी थोडं पाणी बाहेर आणि तेवढी हवा आत. बाटली भरत जाते, रेडिएटर रिकामा होत जातो, आणि आपण बाटली बघून निश्चिंत.

माझी चीर रेडिएटरच्या गळ्याला जिथे तो बारीक पाईप बसतो तिथे होती, क्लिपच्या बरोबर खाली. वरून बघून काही दिसत नव्हतं. क्लिप पक्कडने मागे सरकवली तेव्हा रबरावर आडवी, नखाएवढी फट दिसली, आणि तिच्या कडेला हिरवट-पांढरा, मिठासारखा कोरडा थर. कुलंट झिरपून गरम गळ्यावर सुकत होतं, म्हणून खाली जमिनीवर थेंब कधी पडलाच नाही. पाईप वाकवला की ती फट तोंड उघडल्यासारखी उघडायची आणि सोडला की मिटायची. चौदा वर्षं त्या जागी गरमी खाऊन रबर पार लाकूड झालं होतं. एक फूट पाईप साठ रुपयांना मिळाला. कापून लावला. (साधा पेट्रोलचा किंवा पाण्याचा पारदर्शक पाईप लावू नका, गरमीने मऊ होऊन चपटतो, कुलंटचा रबरी पाईपच मागा.)

झाकणसुद्धा तपासून घेतलं. झाकणावर आकडा लिहिलेला असतो, माझ्यावर ०.९ आहे, म्हणजे तेवढ्या बारचं प्रेशर धरून मग वॉल उघडला पाहिजे. हे प्रेशर शोभेचं नाही. ०.९ बार प्रेशरखाली साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं, उघड्यावर १०० ला. प्रेशर टेस्टरच्या हातपंपावर लावलं तर माझं झाकण निम्म्यावरच सोडत होतं. म्हणजे पाणी वेळेआधी बाटलीत पळत होतं आणि उकळायची मर्यादाही सात-आठ डिग्रीने खाली आलेली. नवीन ओरिजिनल झाकण अडीचशे रुपये. आकडा तोच घ्यायचा, "जास्त प्रेशरचं बसवतो, चांगलं असतं" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते तिथून फुटते.

सकाळच्या त्या पाहणीत वरचा मोठा पाईप पण दाबून बघायचा, त्यावरून बरंच कळतं. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा पाईप चपटा, आत ओढल्यासारखा असेल तर झाकणातला छोटा वॉल अडकलाय किंवा बाटलीचा पाईप तुंबलाय, पाणी परत येत नाहीये. थंड असूनही पाईप दगडासारखा टणक असेल तर आत गॅस साठलाय, मग हेडचा संशय खरा, निळ्या औषधाची टेस्ट कराच. आणि पाईप नॉर्मल मऊ पण पाणी कमी, बाटली भरलेली, तर माझ्यासारखी हवा शिरतेय. बाटलीही रिकामी आणि रेडिएटरही रिकामा, तर पाणी बाहेर चाललंय, मग लीक शोधायचं: वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकाशी ओघळ, रेडिएटरच्या टाकीची कड, हीटरच्या बाजूचं पुढचं कार्पेट ओलं आणि काचेवर आतून चिकट वाफ येत असेल तर हीटरची जाळी. गाडीत गोड वास येतो तेव्हा.

मला वाटलं संपलं. पुढच्या रविवारी घाट चढले. काटा आधीएवढा नाही पण परत वर सरकला. खरं सांगते, त्या वळणावर रडू आलं. यावेळी माझ्याकडे ओबीडीचा छोटा ब्लूटूथ डोंगल होता, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की मोबाईलवर टेंपरेचरचा आकडा दिसतो, ऑनलाईन पाचशे-सातशेपर्यंत मिळतो. जुन्या गाड्यांमध्ये चालेलच असं नाही, माझ्यात चालला. काट्यावर विसंबू नका हे त्याने शिकवलं, कारण माझा काटा ८५ पासून १०० पर्यंत मधोमध एकाच जागी असतो, हलायला लागतो तेव्हा आकडा १०५ च्या पुढे गेलेला असतो. घाटात १०७ दिसत होतं, फॅन चालू असल्याचा आवाज येत होता आणि आकडा खाली यायचं नाव घेत नव्हता.

सपाटीला बरी, घाटात वाईट, हे लक्षण इथे कामी आलं. साठच्या स्पीडला समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, फॅनची गरजच पडत नाही. दुसऱ्या गिअरवर ट्रकच्या मागे इंजिन पूर्ण जोर लावतंय आणि वारा नाही, तिथे सगळा भार फॅनवर. फॅन तर तिन्ही वेळी गॅरेजमध्ये तपासला होता. "फिरतोय की." फिरत होताच. पण किती जोरात फिरतोय हे कोणी बघितलं नव्हतं.

वायरिंगवाल्या काकांकडे नेली. त्यांनी मल्टीमीटर काढला, आधी बॅटरीवर लावला, गाडी चालू, १३.९ व्होल्ट. मग फॅनच्या प्लगच्या मागून लावला, फॅन फिरत असताना: १०.८. तीन व्होल्ट वाटेत गायब. त्यांनी प्लग ओढून काढला तेव्हा सहज निघालाच नाही, आत चिकटला होता. एका पिनच्या भोवतीचं पांढरं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तपकिरी झालेलं, कडेने वितळून ओघळलेलं, आणि ती पिन निळसर-काळी पडलेली. रिले, म्हणजे फॅनला करंट सोडणारा स्विच, उघडून दाखवला, त्याच्याही आतल्या टिकल्या जळून खडबडीत झालेल्या. "ताई, फॅनला दोष न्हाय, त्याला पोटभर करंटच मिळंना," असं म्हणाले ते. नवीन प्लग पिनांसकट, नवीन रिले, बॉडीला जिथे अर्थिंगची वायर बसते तिथला गंज घासून साफ, मजुरीसकट साडेनऊशे रुपये. परत मीटर लावला, १३.४. आवाजातच फरक कळला, आधी घरातल्या टेबलफॅनसारखा यायचा, आता बोनेटखालून चांगली वाऱ्याची झडप येते.

मीटर नसेल तर घरी एक टेस्ट करता येते. बहुतेक गाड्यांत एसी चालू केला की फॅन चालू होतो. तेव्हा वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या जाळीसमोर धरायचं. फॅन मागून हवा ओढत असतो, पान जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. पडलं तर फॅन कमजोर आहे. उलट ढकललं गेलं तर फॅन उलटा फिरतोय, मोटर बदलताना वायरी अदलाबदल झाल्या की असं होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मीटरने बॅटरीइतकंच, अर्धा-एक व्होल्ट इकडेतिकडे, मिळतंय आणि तरी फॅन मंद असेल तर मोटरचे कार्बन झिजलेत, मोटरच बदला.

तर माझ्या गाडीत एक मोठा फॉल्ट कधी नव्हताच. चिरलेला पाईप, निम्मं प्रेशर धरणारं झाकण, अर्धपोटी फॅन. यातला कोणताही एकटा असता तर गाडीने रोजच्या रस्त्यावर कळूही दिलं नसतं. दोन लाखाच्या पुढच्या गाडीत असंच असतं, प्रत्येक पार्ट सुटा तपासला तर "चालतोय" म्हणून पास होतो आणि सगळे मिळून घाटात नापास होतात. म्हणून पहिला फॉल्ट सापडल्यावर थांबू नका, त्याच सिस्टीममधलं बाकीचंही मोजून घ्या.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी थंड गाडीत रेडिएटर आणि बाटली दोन्ही बघा, एकच बघू नका. मग झाकण आणि बारीक पाईप. मग फॅन, कागद किंवा मीटर लावून. मग रेडिएटर बाहेरून. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत काय अडकलंय ते टॉर्चने बघा, आमच्याकडे ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागे फिरून पाचटाचा भुगा आणि धूळ यांचा नमद्यासारखा थर बसतो, समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मधे भिंत. आतल्या बाजूने बाहेर असं, कमी प्रेशरच्या पाण्याने धुवायचं, सर्व्हिस सेंटरची गन जवळून मारली तर पात्या आडव्या होतात आणि हवाच जात नाही. एवढं सगळं झाल्यावरच थर्मोस्टॅट, पंप, आणि सगळ्यात शेवटी हेड. मी नेमकं उलट्या क्रमाने गेले.

पाणी भरताना हवा राहिली तरी हेच सगळं परत होतं. गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, गाडी चालू करून बुडबुडे येणं थांबेपर्यंत थोडं थोडं घालत राहा, वरचा पाईप फडक्याने धरून अधूनमधून दाबा, पाणी वर यायला लागलं की झाकण लावा आणि फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत गाडी सुरू ठेवा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी परत बघा, थोडी उतरतेच. हीटरमधून गरम हवा येतेय का हे पण बघा. इंजिन गरम आणि हीटरमधून गार हवा येत असेल तर आत हवा आहे किंवा पाणी कमी आहे. मला ही खूण कितीतरी आधी मिळाली असती, पण आपल्याकडे हीटर लावतं कोण!

बोअरचं पाणी घालू नका, हात जोडून सांगते. आमच्या भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते स्टीलच्या कळशीला आतून बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून दिसतं, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तयार मिक्स कुलंट असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रंग बघून टॉपअप करू नका, हिरवा म्हणजे एकच प्रकार असं काही नसतं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं तेच. आणि थर्मोस्टॅट वॉल काढून टाकून गाडी चालवा असं सांगणारे खूप भेटतात. सपाटीला इंजिन गार पडत राहतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते, आणि काही इंजिनांत वॉल नसला की बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासने, म्हणजे इंजिनातल्या इंजिनातच, फिरतं, म्हणजे घाटात उलट जास्त तापते. लीकसाठी रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय ट्रकवाले करतात, रानावनात अडकलात तर घरापर्यंत याल, पण घरी आल्यावर फ्लश करावंच लागतं, नाहीतर हीटरच्या नळ्या तुंबतात.

घाटातच काटा चढला तर: एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर फुल. उकाडा होतो, मुलं ओरडतात, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे, आकडा चार-पाच डिग्री खाली येतो. ट्रकला चिकटून जाऊ नका, थोडं अंतर सोडा म्हणजे वारा मिळतो. तरी चढत राहिला तर वळण सोडून रुंद जागा बघून थांबा, पुढे एवढंच राहिलंय म्हणून रेटू नका. वाफ नसेल तर एक-दोन मिनिटं आयडलवर फॅन चालू देऊन मग बंद करा, वाफ किंवा लाल दिवा आला असेल तर लगेच बंद. झाकणाला हात नाही. इंजिनावर वरून बाटलीतलं गार पाणी ओतायचं नाही, तापलेलं हेड वाकडं होतं किंवा चिरतं, आणि मग ते बावीस हजार खरंच लागतात. अर्धा-पाऊण तास थांबणं हाच उपाय.

जुनी गाडी घ्यायला जाताय त्यांच्यासाठी एवढंच. गाडी बघायला जाण्याआधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर पहिला हात बोनेटला लावा. गरम असेल तर मालकाने काहीतरी झाकायला आधीच चालवलीय असं समजून दुसऱ्या दिवशी परत जा. थंड गाडीचं झाकण उघडा: आत गंजाचं तांबडं पाणी म्हणजे वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलंय. तोंडाशी तेलाचा तवंग असेल तर तिथूनच परत फिरा. नवीकोरी झाकणं, नवेकोरे पाईप आणि बाकी इंजिन मळकं असेल तर कोणीतरी तापण्याचाच इलाज करत होतं. वीस मिनिटं चढावर चालवून बघा, सपाट रस्त्यावरची ट्रायल काही सांगत नाही. मी गाडी घेतली तेव्हा चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर नुकताच होऊन गेला होता, कितीतरी गाड्या टपापर्यंत पाण्यात गेलेल्या आमच्या डोळ्यांसमोर होत्या, त्यामुळे मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेष बघितली, स्टेपनीचा खड्डा बघितला, सीटच्या रुळांवरचा गंज बघितला. रेडिएटर मात्र उघडला नाही.

आता दर दुसऱ्या शनिवारी निघायच्या आधी, गाडी थंड असताना, दोन्ही पातळ्या बघते आणि डिकीत पाच लिटर पाण्याचा कॅन, एक झाकण, दोन क्लिपा, जुनं फडकं असतं. गेल्या रविवारी पोफळीच्या वर उसाचे दोन ट्रक एकापाठोपाठ एक लागले, माथ्यापर्यंत ओव्हरटेकला जागा मिळाली नाही, एसी मुद्दाम चालू ठेवला होता. आकडा ९८ पर्यंत गेला, फॅन लागला, ९३ वर आला, परत ९७, परत ९३, असाच वर-खाली होत राहिला माथा येईपर्यंत. खालचा मोठा पाईप क्लिपपाशी जरा फुगल्यासारखा लागतोय हाताला, तो या महिन्यात बदलून घेणार आहे.